गल्ला ग्रॉस की नेट? चाहत्यांच्या ऑनलाइन वादांवर वाचकांचे प्रश्न

एका चित्रपटाचा गल्ला आमच्या ग्रुपवर एकजण 118 कोटी सांगतो, दुसरा 100 कोटी. दोघांकडे स्क्रीनशॉट आहेत. खोटं कोण बोलतंय? (लालबाग)

बहुधा कुणीच नाही. 118 हा ग्रॉस, म्हणजे करासकट, असावा आणि 100 नेट, म्हणजे कर वजा जाता. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे तुम्ही 236 रुपये मोजता तेव्हा 36 सरकारचे आणि 200 नेटमध्ये धरले जातात. पोस्टरवर सहसा ग्रॉस छापतात, कारण तो मोठा दिसतो. हिंदीतला ‘शंभर कोटी क्लब’ मात्र नेटवर मोजायची पद्धत आहे. परदेशातली कमाई नेहमी ग्रॉसमध्ये सांगतात. ती देशातल्या नेटमध्ये मिळवून कुणी ‘जगभरचा गल्ला’ काढला असेल, तर ती बेरीजच चुकीची.

खरी गल्लत पुढे होते. ‘बजेट 60 कोटी, गल्ला 100 कोटी, म्हणजे 40 कोटी नफा’ हे गणित साफ चूक आहे. नेटमधला मोठा हिस्सा थिएटरवाला ठेवतो. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातला तंटा मिटला, तेव्हा हिंदी चित्रपटांसाठी वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 असा ठरला. सिंगल स्क्रीनचे हिशेब वेगळे. म्हणजे 100 कोटी नेटमधून वितरकाच्या हाती येतात साधारण निम्मे किंवा थोडे कमी. उलट ओटीटी, सॅटेलाइट आणि संगीताचे हक्क या गल्ल्यात धरलेलेच नसतात. त्यामुळे नुसत्या गल्ल्यावरून ‘बुडाला’ म्हणणंही घाईचं.

मराठी चित्रपटांच्या वादात आणखी एक खड्डा आहे तो सर्किटचा, म्हणजे वितरणाच्या विभागांचा. व्यापारात ‘मुंबई’ म्हणजे मुंबई शहर नव्हे आणि महाराष्ट्रही नव्हे. राज्यपुनर्रचनेच्या आधीच्या नकाशावर बेतलेली ही विभागणी अजून तशीच चालू आहे. मुंबई सर्किटमध्ये गुजरात, गोवा आणि कर्नाटकचा काही भाग येतो. विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये जातो आणि मराठवाड्यातली बरीच केंद्रं निजाम सर्किटमध्ये. नागपुरात जोरात चाललेला मराठी चित्रपट ‘मुंबईचा आकडा’ म्हणून फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसणारच नाही.

ग्रुपवर आकडा टाकताना त्याच ओळीत चार गोष्टी लिहायला लावा: ग्रॉस की नेट, देशातला की जगभरचा, कितव्या दिवसापर्यंतचा, आणि दिला कुणी, निर्मात्याने की ट्रेडवाल्याने. अर्धी भांडणं तिथेच मिटतात. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाशी तुलना करायची असेल तर रुपये सोडा आणि विकलेल्या तिकिटांबद्दल बोला. तिकिटाचा दर कितीपट वाढलाय ते सांगायला नकोच.

सोसायटीच्या ग्रुपवर रात्री आठच्या मालिकेत काय होणार ते दुपारीच कळतं, कारण काहीजण ॲपवर आधी बघतात. बंदी घालावी का? (मुलुंड)

बंदी दोन दिवस टिकते. वेळ ठरवा. ‘टीव्हीवर भाग संपला की बोला’ हा नियम पुरेसा नाही, कारण त्या वेळी निम्मे सभासद लोकलला लटकलेले असतात. दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रक्षेपण होईपर्यंत तोंड बंद, हे जास्त न्याय्य.

व्हॉट्सॲपवर मजकूर झाकायचा तर मोठी अडचण नोटिफिकेशनची. लॉक स्क्रीनवर संदेशाची सुरुवात दिसतेच. म्हणून पहिल्या ओळीत फक्त मालिकेचं नाव, भागाची तारीख आणि ‘पुढे गुपित आहे’ एवढंच लिहा. मग दहा-पंधरा ओळींत नुसते टिंब आणि त्याखाली खरं काय ते. फोटो टाकायचा असेल तर ‘एकदाच पाहा’ हा पर्याय निवडा, म्हणजे तो चॅटमध्ये आपोआप दिसत नाही. टेलिग्रामवर काम सोपं आहे: मजकूर निवडा, फॉरमॅटिंगमध्ये जा, स्पॉयलर दाबा. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा द्या.

एवढं करूनही गुपित फुटतं ते उत्तर देणाऱ्याकडून. मूळ संदेश नीट झाकलेला असतो आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘अगं बाई, म्हणजे खून सासऱ्यांनीच केला?’ झाकायचा नियम उत्तरांनाही लावा. चुकलेला संदेश लिहिणाऱ्याला 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि ॲडमिनला तो सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. पण तोवर ज्याने वाचायचं त्याने वाचलेलं असतं.

हिरोच्या एंट्रीची थिएटरमध्ये काढलेली 15 सेकंदांची क्लिप वादात पुरावा म्हणून टाकली तर चालेल का? (बोरिवली)

नाही. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानुसार विनापरवाना रेकॉर्डिंगला 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे. दंड निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चित्रपटाचा एखादा भाग चित्रित केला तरी कायदा लागू होतो, त्यामुळे ‘पंधराच सेकंद होते’ हा बचाव नाही. टीझरची लिंक द्या, नाहीतर प्रसंग शब्दांत सांगा.

पहिला भारतीय चित्रपट फाळक्यांचा की तोरण्यांचा? दर 3 मे रोजी आमच्याकडे जुंपते. (गिरगाव)

गिरगावात जुंपणारच, दोन्ही चित्रपट तिथल्याच कोरोनेशनमध्ये लागले होते. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी. तारखेवर कुणाचंच दुमत नाही, मग वाद कशाचा? ‘चित्रपट’ कशाला म्हणायचं याचा. तोरण्यांनी रंगमंचावरचं नाटक एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. फाळक्यांनी कॅमेऱ्यासाठी प्रसंग रचले आणि फिल्मची धुलाईही इथेच केली. म्हणून ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ हा मान फाळक्यांना देतात. आमचंही मत तेच. मात्र ‘तोरण्यांनी काही केलंच नाही’ असं कुणी लिहिलं तर त्याला आडवं घ्या.

तिसरा भिडू 1899 साल घेऊन येईल. त्या वर्षी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली होती. ती कथा नव्हे, घटनेचं चित्रण. तिचा खाना वेगळा. आणि ‘हरिश्चंद्र’ची क्लिप पुरावा म्हणून टाकण्याआधी हे लक्षात घ्या की फाळक्यांनी 1917 मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज दिसणारे तुकडे त्या दुसऱ्या चित्रपटाचे असावेत असं काही अभ्यासक मानतात.

आयएमडीबीवर पहिल्याच दिवशी 9.6 असेल तर चित्रपट भारी म्हणायचा ना? (परळ)

आकड्यावर टिचकी मारून मतांची वाटणी उघडा. सगळी मतं 10 आणि 1 वर गोळा झाली असतील आणि मधला भाग रिकामा असेल, तर तिथे दोन गट लढतायत, प्रेक्षक अजून यायचे आहेत. शिवाय तो आकडा सरळ सरासरी नसतो, मतांना वेगवेगळं वजन देऊन काढलेला असतो. तेव्हा ‘मी बेरीज करून पाहिली, जुळत नाही, म्हणजे घोटाळा’ हा युक्तिवादही टिकत नाही. रॉटन टोमॅटोजचे 90 टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद समीक्षकांना चित्रपट बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘बरा’ तर त्या नव्वदांपैकी प्रत्येकाला काठावरही वाटलेला असू शकतो.