'विकृत आरसा' नको, 'लवता आरसा' म्हणा

प्रश्न असा आला आहे: मोठ्या दुर्बिणींतल्या 'डिफॉर्मेबल मिरर'ला मराठीत 'विकृत आरसा' म्हणावं की 'विरूपक'? आणि 'आरसा' बरा की 'दर्पण'?

विकृत तर नाहीच! हा शब्द व्याख्यानांत, लेखांत ऐकून कान किटले. 'विकृत' म्हणजे बिघडून झालेला. इथे सांगायचं आहे ते हवा तसा आकार बदलू शकणारा. मोडकी खुर्ची आणि घडीची खुर्ची एकच का? 'विरूपक' त्याहून वाईट, कारण तो दुसऱ्याला विद्रूप करणारा झाला. विरूपण म्हटलं की मला शूर्पणखेचं नाक आठवतं. हा आरसा तर उलट बिघडलेलं रूप दुरुस्त करतो. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातल्या खळबळीतून येताना त्याची सपाट लाट चुरगळते. आरसा त्या चुरगळण्याच्या निम्म्याने वाकतो (प्रकाश जाताना-येताना दोनदा अंतर कापतो म्हणून निम्म्याने) आणि लाट पुन्हा सपाट होते. होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने 1953 साली ही कल्पना मांडली, तीही आरशावर तेलाचा पातळ थर देऊन.

माझा शब्द आहे 'लवता आरसा'. सरकता जिना, फिरता रंगमंच, तसाच लवता आरसा. जिना मोटारीने सरकतो म्हणून त्याला कुणी 'सरकवता' म्हणत नाही, तेव्हा 'लववता म्हणा' असं सुचवणाऱ्यांनी जरा थांबावं.

खरी गंमत 'लवणे'मध्ये आहे. माझ्या मते हे संस्कृत 'नम्'च आहे. न चा ल होणं मराठीला नवं नाही: नवनीताचं लोणी झालं, निंबाचा लिंब झाला, तसं नमण्याचं लवणं. म्हणजे आपण 'लवून नमस्कार' करतो तेव्हा एकाच धातूला दोनदा वाकवतो! 'लवचीक'ही याच घरातला. एका व्युत्पत्तिप्रेमी मित्राचं म्हणणं, 'पापणी लवते' यातला लव म्हणजे क्षण, त्याचा नमण्याशी संबंध नाही. मग लवून नमस्कार करणारा काय क्षणभंगुर होतो? पापणी खाली येते, वाकते, म्हणून लवते. इतकं सरळ असताना क्षणाला कशाला मध्ये आणायचं!

आणि पापणीमुळेच हा शब्द इथे चपखल बसतो. चिलीतल्या पारानालच्या एका 8 मीटरच्या दुर्बिणीवर 2016 साली बसवलेला दुय्यम आरसा सुमारे 1.1 मीटर रुंद आणि जेमतेम 2 मिलिमीटर जाड आहे. त्यामागचे 1170 चालक, म्हणजे आरशाला मागून हलवणारी छोटी साधनं, त्याला सेकंदाला हजार वेळांपर्यंत नवा आकार देतात. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. तेवढ्यात हा आरसा शंभरदा लवू शकतो. 'परिवर्तनशील परावर्तक' असलं काही घडवणाऱ्या परिभाषाकारांना हे सुचत नाही, कारण त्यांना तद्भव शब्दाची लाज वाटते. असे आरसे वापरून प्रतिमा सुधारण्याच्या तंत्राला ('अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स') दिलेलं 'अनुकूली प्रकाशिकी' हे नाव मी सहन करतो, पण आरसा माझ्या हातात द्या.

हो, 'दर्पण' की 'आरसा' हेही विचारलं होतं. आरसा.