भात, विभक्ती आणि देशभक्ती

एका लूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, कुटुंबातील आईने विचारले आहे की, बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ करताना 'माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत' ही पहिली आज्ञा म्हणून झाल्यावर मुलीने लगेच प्रश्न केला, 'मग देशभक्ती म्हणजे दुसरा देव का?' तेव्हा घरात 'देशप्रेम' हाच शब्द वापरावा काय?

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. आईने सुचवलेला तोडगा मात्र मला मान्य नाही. 'भक्ती म्हणजे पूजा आणि पूजा देवाचीच' हे समीकरण इतक्यांदा कानांवर पडते की त्याचा आता वीट आला आहे. प्रचलित अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडून थेट 'भज्' या धातूकडे जाऊ. त्याचा जुना अर्थ वाटणे, वाटून घेणे, वाट्याला येणे असा आहे. भाग, विभाग, विभक्त ही त्याच घरातली भावंडे असून व्याकरणातली विभक्तीही त्यांचीच बहीण आहे. 'भक्त' म्हणजे आधी वाटा, मग वाट्याला आलेले अन्न, मग शिजवलेला तांदूळ. आणि प्राकृतातल्या 'भत्त'वरून आपला भात! भक्तीचा विषय देवच असावा अशी अट पाणिनीनेही घातलेली नाही. त्याच्या 'भक्तिः' या सूत्राला लागूनच येणारे सूत्र अचेतन वस्तूंवरील भक्तीसाठी एक प्रत्यय सांगते आणि त्यातून देश व काळ वगळते, कारण त्यांची सोय निराळ्या प्रत्ययाने होते. अपूपांची, म्हणजे गोड वड्यांची, भक्ती असणारा तो आपूपिक आणि मथुरेची असणारा तो माथुर. जो शब्द वड्यांना चालतो, तो देशाला का चालू नये?

'भक्ती'च्या जागी 'प्रेम' घातले की पेच सुटतो, असे सांगणाऱ्या कोशपंडितांनी ल्यूथरची १५२९ ची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे धर्मशिक्षणाची त्याची छोटी पुस्तिका, उघडलेली दिसत नाही. पहिल्या आज्ञेचा अर्थ सांगताना तो देवाचे भय, देवावरील प्रेम आणि देवावरील भरवसा हे तिन्ही सर्वांहून अधिक असावे असे म्हणतो. म्हणजे प्रेमही त्या यादीत आहेच, आणि खरी मेख 'सर्वांहून अधिक' या शब्दांत आहे.

आता माझा लाडका तर्क. त्याच पुस्तिकेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही प्रभूच्या प्रार्थनेतली विनंती उलगडताना ल्यूथर भाकरीत अन्न, वस्त्र, घर, शेत आणि गुरे तर मोजतोच. पण चांगले राज्यकर्ते, सुशासन, शांतता आणि भले शेजारीही मोजतो. देशाचा सुरळीत कारभार हा असा रोजच्या ताटातला घास, वाट्याला आलेला आणि म्हणून शब्दशः 'भक्त' ठरतो. ल्यूथरला संस्कृत येत नव्हते हे खरे, परंतु देशभक्तीचा याहून चोख लूथरन अर्थ मला तरी सापडलेला नाही.

मुलांना देशाविषयी सांगण्याची जागा चौथ्या आज्ञेत, म्हणजे आईबापांचा मान राखण्यात आहे. (अन्य बहुतेक प्रोटेस्टंट हिला पाचवी म्हणतात.) आपल्या दुसऱ्या, मोठ्या प्रश्नोत्तरीत ल्यूथर येथेच आठवण देतो की रोमन लोक आपल्या राज्यकर्त्यांना देशाचे पिते म्हणत, 'पेट्रिअट' या शब्दातही तोच पिता दडलेला आहे. या मानाला मर्यादाही आहे, कारण १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लूथरन श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाच्या, सोळाव्या कलमानुसार अधिकाऱ्यांनी पाप करण्यास सांगितले तर त्यांचे ऐकायचे नसते. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेतील नाझीधार्जिण्या क्विसलिंग राजवटीने मुलांना पक्षाच्या युवक संघटनेत सक्तीने ओढू पाहिले, तेव्हा लूथरन बिशपांनी आईबापांची बाजू घेऊन निषेध केला आणि त्याच महिन्यात सरकारी पदे सोडली. त्यांना देशभक्त न म्हणणारा कोश मी तरी घरात ठेवणार नाही.

तेव्हा मुलीला 'देशभक्ती' खुशाल म्हणू द्यावे, आणि दुसऱ्या देवाची शंका पुन्हा आली तर तिला भाताची गोष्ट सांगावी. मात्र तिच्या वहीत 'देशभक्तीपर गीत' असे दिसले, तर त्यातला 'क्ती' तेवढा ऱ्हस्व करून घ्यावा.