वाचकांचे प्रश्न : जुनी गाणी, नवं रेकॉर्डिंग

प्रश्न : शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडने २०२५ मध्ये आपली ऐंशीच्या दशकातली सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर बेतलेली पॉप) गाणी नव्याने रेकॉर्ड केली. जुन्या टेप साफसूफ करून काढल्या असत्या तर भागलं नसतं का?

टेप कोणाच्या मालकीच्या, यावर घोडं अडतं. शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दुसरा बहुतेक वेळा कंपनीकडे राहतो. रीमास्टर, म्हणजे जुनंच मुद्रण साफसूफ करायचं तर कंपनीची परवानगी हवी. तेच गाणं पुन्हा गायलं-वाजवलं, तर नवं मुद्रण कलावंताचं. जुन्या करारांत मात्र असं पुन्हा रेकॉर्ड करण्यावर बंदीची मुदत असे : बहुधा रेकॉर्डिंग दिल्यापासून पाच वर्षं किंवा करार संपल्यावर दोन, यातलं जे उशिरा येईल ते.

मिनिस्ट्रीच्या बाबतीत नावडही होतीच. १९८३चा ‘विथ सिंपथी’ हा पहिला अल्बम बँडप्रमुख अल जूर्गनसेन वर्षानुवर्षं नाकारत आले. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडने १९८३चं ‘टेंपल ऑफ लव्ह’ हे गाणं १९९२ मध्ये पुन्हा केलं, त्यात गायिका ओफ्रा हाझा यांचा आवाज आणला आणि ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. आमच्या मते, नव्याने करण्याला अर्थ यायचा तो अशा भरीमुळे.

एक पथ्य : जुन्या टेपवरचा स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडकडत्या ड्रमचा) एक ठोकासुद्धा उचलायचा नाही. तो उचलला की कंपनीचा हक्क नव्या मुद्रणात शिरला.

प्रश्न : अशा बँडची गाणी अटारी संगणकाच्या फ्लॉपीवर आणि आवाज यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरमध्ये असत. ते बाहेर कसं काढतात?

आधी सिंथ, मग फ्लॉपी. डीएक्स-७ चे ३२ आवाज ज्या मेमरीत असतात ती ३ व्होल्टच्या बॅटरीवर तग धरते आणि पहिल्या मॉडेलमध्ये ही बॅटरी बोर्डावर डाखलेली असते. कॉपी न घेता ती काढली, तर आवाज गेले. म्हणून फंक्शनमध्ये जाऊन ‘सिस इन्फो अव्हेल’ करायचं आणि मिडीवरून (वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या प्रणालीवरून) पूर्ण बँक, म्हणजे सगळे ३२ आवाज, संगणकात उतरवायची. फाइल नेमकी ४,१०४ बाइटची हवी. कमी भरली तर मिडी इंटरफेसने मध्येच डेटा गाळलाय. दुसरा इंटरफेस लावा.

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली सरकती खिडकी उघडी ठेवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. साधी ७२० केबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर कधी कधी वाचली जाते. पण अटारीवाले जास्त जागेसाठी जादा ट्रॅक-सेक्टर पाडत. तिथे ग्रीसवीझलसारखा फ्लॉपी वाचणारा बोर्ड जुन्या ड्राइव्हला जोडून फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा घ्यावी. मग एम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मूळ सीक्वेन्सर, म्हणजे सूर नोंदवणारं सॉफ्टवेअर, उघडून स्टँडर्ड मिडी फाइल काढा, जमल्यास टाइप १, म्हणजे ट्रॅक वेगळे राहतात.

आता गंमत सुरू होते. मिडी फाइलमध्ये सूर आहेत, आवाज नाहीत. ‘प्रोग्रॅम १७’ म्हणजे नेमका कोणता आवाज ते त्या काळच्या वहीतच सापडणार. कोणत्या सुराला कोणता ड्रम, हा नकाशा जुळत नाही, म्हणून स्नेअरच्या जागी काउबेल वाजते. बेस जरुरीपेक्षा कर्कश लागला तर व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा) तपासा : डीएक्स-७ चा स्वतःचा कीबोर्ड पूर्ण १२७ पर्यंत पोचतच नसे, त्यामुळे आवाज त्या हिशेबाने बनवलेले. आजच्या कीबोर्डवर जोरात वाजवलं की तेच ओरडतात. कमाल १००च्या आसपास बांधून ठेवा.

प्रश्न : गायकाचा आवाज वयाने उतरतो, म्हणून पट्टी खाली घेतात. मग गाणं मरगळलेलं का वाटतं?

कारण पट्टी फक्त गळ्याची उतरत नाही. ई मायनरमधलं गाणं दोन सेमीटोन खाली आणलं की बेसचा सर्वांत खालचा सूर ४१.२ हर्ट्झवरून ३६.७ वर जातो. क्लबमध्ये तो पोटात जाणवतो, घरच्या स्पीकरवर गायब होतो. त्या ओळी एक सप्तक वर घ्या किंवा थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलका खरखरीतपणा) द्या, म्हणजे वरचे स्वरांश ऐकू येतील. सिंथचा फिल्टर (वरचे स्वरांश कापणारा भाग) कीबोर्डमागे चालत असेल तर खाली आल्यावर तोही मिटतो. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापतो ती मर्यादा, कानाने उघडा. कोरसचे सँपल जुन्या सँपलरच्या पद्धतीने उतरवले तर सुमारे १२ टक्के लांबतात आणि लूप घसरतो. ते नव्या पट्टीत पुन्हा गाऊन घेणं बरं. ड्रमना हातच लावू नये.

मरगळ झाकायला मग लय वाढवतात. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) डॉटेड आठव्याचा, म्हणजे पाऊण ठोक्याचा, डिले (प्रतिध्वनीचं अंतर) ३७५ मिलिसेकंद. १२६ केलं तर ३५७ हवा. जुना आकडा तसाच राहिला की पहिला प्रतिध्वनी १८ मिलिसेकंद मागे, तिसरा ५४. असं गाणं ऐकणाऱ्याला लंगडं वाटतं, पण कारण सांगता येत नाही.

आणि खर्जातल्या गायकाला माइकला चिकटू देऊ नका. ५ सेंटिमीटरवरून खालचा भाग फुगतो व बेसशी भांडतो. १५ ते २० वर ठेवा.

प्रश्न : नव्या आवृत्तीला जुनाच आयएसआरसी (प्रत्येक मुद्रणाचा ओळख-कोड) चालतो का?

नाही. मुद्रण नवं, म्हणून १२ अक्षर-अंकांचा कोडही नवा. रचना तीच असल्याने गीतकार-संगीतकारांच्या नोंदी मात्र जुन्याच ठेवायच्या. नावापुढे साल घाला. नाहीतर स्ट्रीमिंगवर लोक जुनंच लावतात.