रेंजफाइंडर: पल्ला की अंतर?

प्रश्न असा आहे: चाकांवर फिरणारा रोबो लेझरच्या मदतीने भोवतालचा त्रिमितीय नकाशा कसा करतो, यावरच्या लेखाच्या भाषांतरात 'लेझर रेंजफाइंडर'साठी 'लेझर पल्लामापक' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'अंतरमापक' केलं. बरोबर कोण?

यंत्राच्या नावापुरते संपादक बरोबर. पण 'पल्ला' फेकून देऊ नका, त्याच लेखात तो लागणार आहे.

पल्ला म्हणजे एखादी गोष्ट जास्तीत जास्त जिथवर पोचते ती मजल. तोफेचा पल्ला, लांब पल्ल्याची गाडी. (श्वास संपला तरी क्रियापद येत नाही ती पल्लेदार वाक्यं!) समोरची भिंत ३ मीटरवर असली तर 'भिंतीचा पल्ला ३ मीटर' असं कुणी म्हणत नाही. ते अंतर. इंग्रजी 'रेंज' मात्र दोन्हीकडे चालतो, आणि गोंधळ तिथूनच आत येतो.

रोबोंवर एके काळी सर्रास दिसणारा सिक कंपनीचा एलएमएस २०० हा लेझर अंतरमापक घ्या. त्याचा पल्ला ८० मीटर. तो १८० अंशांत अर्ध्या-अर्ध्या अंशाने किरण फिरवतो आणि एका फेरीत ३६१ अंतरं मोजतो. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघतं: १५ मीटरवरच्या भिंतीसाठी साधारण १०० नॅनोसेकंद. म्हणजे पल्ला यंत्राचा, अंतर भिंतीचं. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचकाला वाटेल की यंत्राचा पल्ला दर क्षणी बदलतोय.

आता अशी एक फेरी म्हणजे जागेचा एक आडवा काप. त्रिमितीय चित्रासाठी अंतरमापक वर-खाली झुकवून कापावर काप घ्यावे लागतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ग्राउंडहॉग रोबोने २००३ साली पेन्सिल्व्हेनियातल्या एका बंद खाणीत हेच केलं. त्याला निमित्त होतं तिथल्याच क्वेक्रीक खाणीतल्या २००२ च्या अपघाताचं. शेजारची जुनी खाण नकाशात दाखवली होती त्याहून पुढपर्यंत खणलेली निघाली, तिच्यातलं पाणी आत घुसलं आणि ९ कामगार अडकले. सगळे सुखरूप बाहेर आले.

'फाइंडर'चा 'शोधक' करण्याचा मोह आवरा. ते यंत्र काही शोधत नाही, मोजतं. तापमापक, पर्जन्यमापक या ओळीत अंतरमापक सहज बसतो. भूमी अभिलेख खात्यातला भूकरमापक तेवढा माणूस असतो, पण त्यावरून कुणाचा घोटाळा झाल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक पर्याय सुचवला आहे: 'टप्पा'. 'सावज टप्प्यात आलं' हा प्रयोग मला फार आवडतो, पण टप्पा चेंडूचाही असतो आणि प्रवासाचाही. इथे तर किरण खरोखरच भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा वाचक नेमका चेंडूच्या टप्प्याकडे जाईल. 'रोबोच्या टप्प्यात आलेला अडथळा' एवढ्यापुरता मात्र जरूर वापरा.