बिस्किटाचा पुडा आधी, की ‘बस’ आधी?

प्रश्न : आमचा बाबू साडेतीन वर्षांचा लॅब्राडोर आहे. ‘बस’ म्हटलं की बसतो, पण हातात ग्लुकोज बिस्कीट दिसलं तरच. रिकाम्या हाताने सांगितलं तर माझ्याकडे बघत उभा राहतो. अन्नपूर्णा रोडवर फिरवताना हाक मारली तर ढुंकूनही बघत नाही, पुडा वाजवला की मात्र लगेच वळतो. दिवसभरात डझनभर बिस्किटं सहज होतात. रविवारी पोहे-जिलबी आणतो, त्यातलंही थोडं त्याच्या वाट्याला जातं. परवा डॉक्टरांनी वजन केलं तर ३८ किलो भरलं. तीसवर आणा म्हणाले. सूनबाई म्हणते, तुम्ही त्याला लाच देता. राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या वाड्यात वडिलांचा मोत्या होता. तो एका हाकेवर यायचा आणि त्याला कधी कुणी बिस्कीट दिलं नाही. मग हे सगळं बंदच करावं का?
– सु. भा., सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काका, बिस्किटं बंद करा, खाऊ चालू ठेवा. सूनबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आत्ता तुमच्याकडे आधी पुडा वाजतो, मग बाबू बसतो. त्यामुळे त्याच्यासाठी आज्ञा म्हणजे पुड्याचा आवाज, ‘बस’ ही नुसती तुमची बडबड. आवाजच झाला नाही तर तो बसेल कशाला?

क्रम उलटा करा. खाऊ एका डबीत घाला आणि डबी फडताळावर ठेवा, नाहीतर मागच्या खिशात. दोन्ही हात रिकामे. ‘बस’ एकदाच म्हणा, दहा वेळा नाही. बुड जमिनीला टेकलं रे टेकलं की ‘शाब्बास’, आणि त्यानंतर डबीकडे हात. ‘शाब्बास’पासून खाऊ तोंडात पडेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले तरी बिघडत नाही. पण बुड टेकणं आणि ‘शाब्बास’ यांच्यात वेळ जाऊ देऊ नका. तुम्ही डबीचं झाकण उघडेपर्यंत तो उठला आणि तेव्हा पहिल्यांदा शाबासकी मिळाली, तर शाबासकी उठण्याची झाली. या शब्दाला वजन यावं म्हणून पहिले दोन दिवस काहीही करायला न सांगता नुसतं ‘शाब्बास’ म्हणा आणि लगेच एक तुकडा द्या. मग तो शब्द ऐकूनच बाबूचे कान उभे राहायला लागतील.

रिकाम्या हाताला तो बसलाच नाही, तर चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात त्याच्या नाकापासून वर, डोक्याच्या मागे न्या. नाक वर गेलं की बुड आपसूक खाली येतं. चिमूट रिकामीच ठेवायची, खाऊ दुसऱ्या हातातून आणि नंतर. आणखी एक. तुम्ही ‘बस’ म्हणता, नातू ‘सिट’, कामाच्या मावशी ‘बैठ’. इंदूरच्या घरोघरी मला हे ऐकू येतं. घरात बसून एक शब्द ठरवा, कुठलाही चालेल.

चार-सहा दिवस प्रत्येक वेळी द्या. मग बसणं पक्कं झालं की कधी द्या, कधी नुसती मान खाजवा, कधी दार उघडून गच्चीवर सोडा. गच्चीवर जाणं हाही खाऊच आहे त्याच्या दृष्टीने. कधी मिळेल याचा नेम नसला की तो जास्त नेटाने बसतो. ‘ये’ या हाकेला मात्र हा नियम लावू नका. तिथे कंजूषपणा कधीच नको. घरातला सगळ्यांत चांगला माल, पनीर किंवा उकडलेलं चिकन, ‘ये’साठी राखून ठेवा. बरेच जण फिरणं संपलं की हाक मारतात आणि पट्टा अडकवून घरी नेतात. कुत्रा हुशार असतो, हाकेचा अर्थ ‘मजा संपली’ हे तो चटकन शिकतो. म्हणून एका फिरण्यात पाच-सहा वेळा उगीचच बोलवा, द्या आणि परत हुंगायला सोडा. हे सगळं लांब दोरीवर. अन्नपूर्णा रोडवरच्या वाहनांत मोकळा सोडून नाही. आणि उशिरा आला तरी रागावू नका, आला ना!

आता मोत्याबद्दल. त्याला बिस्कीट मिळत नसे हे खरं असेल, पण वडील त्याला हाक कधी मारायचे? माझा अंदाज, जेवणं उरकल्यावर, हातात भाकरी आणि खरकटं घेऊन. म्हणजे हाक आधी, भाकरी नंतर, आणि तीही वर्षानुवर्षं, रोज. तुमच्या वडिलांनी न ठरवता अगदी बरोबर शिकवणी घेतली. वाड्यातल्या कुत्र्याला खाऊशिवाय वळण लागायचं, असं म्हणणारे हे विसरतात.

वजनाचं गणित करू. ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण ९०० कॅलरी लागतात, आणि वजन उतरवायचं असेल तर एकूण आहार त्याच्याच आसपास ठेवतात. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे ९० कॅलरी. ग्लुकोज बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. एक बिस्कीट पाच ग्रॅमचं धरलं तरी चारात कोटा संपला. तुम्ही बारा देता. त्याऐवजी गाजराचे वाटाण्याएवढे तुकडे करा, १०० ग्रॅमला चाळीसेक कॅलरी. तुकडा लहान असला तरी चालतो. एका मोठ्या घासाऐवजी पाच चिमुकले द्या. शिवाय सकाळच्या जेवणातलं मूठभर बाजूला काढून तेच दिवसभर खाऊ म्हणून वापरलंत, तर वरची भर शून्य.

बाबूला मात्र हावरट म्हणू नका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की जवळपास चौथा हिस्सा लॅब्राडोरांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच नसतो आणि अशांची भूक लवकर शमत नाही. गंमत म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्राडोरांत हा बदल कितीतरी जास्त आढळला. ज्या भुकेमुळे तो फुगतो, तीच भूक त्याला शिकवणीत पुढे नेत असावी.

पोहे बंद. जिरावण मसाला, वरची लवंगी शेव वगैरे राहू द्या बाजूला, मुख्य अडचण कांद्याची. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. एका घासाने लगेच काही होत नाही म्हणून लोक दर रविवारी देत राहतात. जिलबीबद्दल काय सांगू, डॉक्टरांनी वजनकाटा दाखवलाच आहे.

प्रश्न : आमची चिंगी रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री आहे. घरात माझ्या हातून सगळं खाते, पण बाहेर पडलं की पनीरसुद्धा हुंगत नाही. शेपूट पोटात घालून उभी राहते. गणपतीत आणि रंगपंचमीच्या गेरच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) दिवशी तर पलंगाखालून निघत नाही. भिताना खाऊ दिला तर तिची भीती वाढेल, असं एकाने सांगितलं. खरं आहे का?
– एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : नाही. बसणं, येणं ही कृती आहे, तिला खाऊ दिला की ती वाढते. भीती कृती नाही. कुणी ठरवून घाबरत नाही. घाबरलेल्या चिंगीला जवळ घ्या, द्या, काही बिघडणार नाही.

बाहेर ती पनीर नाकारते याचा अर्थ तिला भूक नाही किंवा ती हट्टी आहे, असा नाही. जीव मुठीत धरलेलं जनावर खात नाही. हे तुमचं मोजमाप समजा. जिथे ती खायची थांबते, तिथे तुम्ही गोंगाटाच्या जास्त जवळ गेलात. मागे फिरा. फाटकाच्या आत खाते? मग आठवडाभर फाटकाच्या आतच. तिथून रस्त्यावरची स्कूटर दिसली की पनीर, स्कूटर गेली की पनीर बंद. इथेही क्रम महत्त्वाचा : आधी स्कूटर, मग पनीर. उलटं केलंत तर पनीर दिसताच ती स्कूटर येणार म्हणून दचकेल. रशियन शास्त्रज्ञ पावलोवच्या कुत्र्यांनाही आधी ठोक्याचा आवाज ऐकवायचे, खाणं मागून यायचं, म्हणून नुसत्या आवाजाने लाळ सुटू लागली. (पावलोवला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, हे बहुतेकांना माहीत नसतं.)

ढोल-ताशांसाठी आजपासून तयारी करा. मोबाइलवर ढोलाचा आवाज इतका हळू लावा, की चिंगीचा कान फक्त हलेल, आणि लगेच चिकन. काही दिवसांनी किंचित मोठा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) रात्रभर चालतात आणि गेरला राजवाड्याकडे काय गर्दी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी शिकवणी नको. खिडक्या लावा, कूलर सुरू करा, पलंगाखाली तिची गोधडी टाका. बाहेर तर अजिबात नेऊ नका. पळून हरवलेल्या कुत्र्यांचे फोन मला याच दिवसांत जास्त येतात.

प्रश्न : आमच्याकडे अंडंही चालत नाही. मग खाऊ म्हणून काय द्यायचं?
– वि. जो., रामबाग, इंदूर

उत्तर : पनीर, भाजलेले सालवाले चणे, उकडलेलं रताळं, काकडी, बिया काढलेली पपई, कडक भाकरीचे तुकडे. धान्य कुत्र्याला पचतं. लांडग्यापासून कुत्रा वेगळा झाला तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणारं जनुक कुत्र्यात कितीतरी पटींनी वाढलं, हे २०१३ साली सिद्ध झालं आहे. चणे हलके पडतात आणि खिसाही खराब होत नाही. पनीरने माझ्या कुर्त्यांचे सगळे खिसे कायमचे वास मारतात. द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री च्युइंगम मात्र अजिबात नको. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, तेवढं घरच्या आजींना सांगून ठेवा.

प्रश्न : खाऊ देताना आमचा पप्पी बोटंच ओरबाडतो. मुलं घाबरतात.
– एक आई, विजय नगर, इंदूर

उत्तर : आधी तुम्ही करा, मुलं नंतर. खाऊ मुठीत धरा आणि मूठ त्याच्यासमोर ठेवा. तो चाटेल, चावेल, पंजा मारेल, हात हलवू नका. ज्या क्षणी तोंड मागे घेईल तेव्हा ‘शाब्बास’, आणि तळहात सपाट उघडून द्या. चिमटीत धरून कधीच देऊ नका, ओरबाडायचं तो तिथूनच शिकतो. आठवडाभरात मऊ घ्यायला लागला की मुलांकडून, तुमचा तळहात त्यांच्या हाताखाली धरून. तोवर मुलांना खाऊ जमिनीवर टाकू द्या.