जास्त क्रेडिट घेतले म्हणजे वर्ष वाचेल का?

“सत्राला २२ क्रेडिटच का? मी ३० घेऊ शकते,” असे म्हणत गेल्या वर्षी माझ्याकडे आलेली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नुकतीच गेली होती. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचे माप; पदवीसाठी ते सत्रागणिक जमवावे लागतात. वडिलांच्या निवृत्तीआधी हातात पदवी असावी म्हणून तिने नेहमीच्या विषयांखेरीज ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे चार-चार क्रेडिटचे दोन अभ्यासक्रम निवडले होते, आणि विभागाने ते नाकारल्यामुळे आपल्या कुवतीवरच शंका घेतली गेली, अशी तिची समजूत झाली होती.

मी तिला आधी आठवड्याचे तास कागदावर मांडायला लावले. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्ग, प्रात्यक्षिके आणि स्वतःचा अभ्यास मिळून एका क्रेडिटमागे ३० तास धरलेले आहेत. म्हणजे २२ क्रेडिटचे ६६० तास, पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ४४. ३० क्रेडिट घेतले तर आठवड्याला ६०. त्यावर डोंबिवलीहून लोकलचा रोजचा प्रवास. रविवार पूर्ण भरूनही तास बसेनात, तेव्हा तिनेच विचारले, “मग जर्नल कधी लिहायचं?”

महाराष्ट्रात सत्राला २० ते २२ क्रेडिटची चौकट आहे. सगळ्यांना एकच माप लावणे मलाही पटत नाही. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या विनियमांत पदवी लवकर पूर्ण करण्याची वाट ठेवलेली आहे, आणि तीन वर्षांच्या पदवीत त्या वाटेने फार तर एक सत्र वाचते. तिच्या महाविद्यालयात ही सोय सुरू झालेली नव्हती. झाली असती तरी हाती सहाच महिने लागले असते. कमी क्रेडिट घेऊन पदवी सावकाश पूर्ण करण्याची मुभाही त्याच विनियमांत आहे, पण ती विचारायला कोणी येत नाही, कारण घरच्यांना त्यात नापास झाल्यासारखे वाटते.

तिला खरोखर उपयोगी पडले ते वेगळेच. आयोगाच्या नियमानुसार सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’वरून घेता येतात, परंतु महाविद्यालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते, नाहीतर प्रमाणपत्र हाती येते आणि गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नाही. त्या दोहोंपैकी एक अभ्यासक्रम तिने मुक्त वैकल्पिक, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या निवडीच्या, विषयाऐवजी मागितला, विभागाने तो मान्य केला, आणि तिची बेरीज २२वरच राहिली. दुसरा तिने सुट्टीसाठी ठेवला आहे.