युद्धाच्या काळातली व्हॅम्पायर जोडप्याची साहसकथा मराठीत पटेल का? पार्श्वभूमी कुठली घ्यावी?

पटेल. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय तशी नाही. दुसरं महायुद्ध, युरोपातलं एखादं शहर, काळा झगा घातलेला नवरा, लालभडक ओठांची बायको आणि दोघं मिळून रात्रभर नाझींची शिकार करतायत, हे मराठीत आणलं तर दोन पानांतच उसनं वाटायला लागेल. माझं म्हणणं, गोष्ट बेळगाव-खानापूरकडं आणा, सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करा, आणि बायकोला पहिली दोन वर्षं जिवंत माणूसच राहू द्या. मी खानापूर तालुक्यातला आहे म्हणून आपल्या गावाची तरफदारी करतोय असं वाटेल, पण कारण वेगळं आहे.

युरोपात व्हॅम्पायर सरकारी कागदावर आला तो राजवाड्यातून नाही, सरहद्दीच्या मुलखातून. १७१८ च्या तहात उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडं आला आणि १७३९ मध्ये परत तुर्कांकडं गेला. मधल्या एकवीस वर्षांत त्या गावांनी नवे अधिकारी, नवी भाषा, नवे कायदे बघितले, आणि व्हॅम्पायरची दोन सगळ्यात गाजलेली प्रकरणं त्याच वर्षांतली आहेत. १७३२ च्या जानेवारीत एका लष्करी डॉक्टरनं मेद्वेजा गावच्या थडग्यांची तपासणी करून अहवाल लिहिला. त्यात अर्नोल्ड पाओले नावाच्या माणसाची हकिकत येते. हा हायदुक होता, म्हणजे सरहद्द राखणारा हत्यारबंद गडी. तुर्की मुलखात असताना एका व्हॅम्पायरनं त्याला छळलं होतं. त्यातून सुटायला त्यानं त्या व्हॅम्पायरच्या थडग्यावरची माती खाल्ली. पुढं गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला, आणि महिनाभरानं लोक सांगू लागले की तो रात्री येतो. डॉक्टरला थडग्यांत जी प्रेतं 'ताजी' दिसली, तोंडाशी रक्त दिसलं, त्याचं कारण आज माहीत आहे. थंडीत प्रेत सावकाश कुजतं आणि आतल्या वायूनं लालसर द्रव तोंडातून बाहेर येतो.

त्याच्या आधीचं प्रकरण १७२५ चं, किसिल्येवो गावचं, आणि तुमच्या जोडप्याची गोष्ट मला तिथंच दिसते. पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि त्यानंतर आठ दिवसांत गावातली नऊ माणसं गेली. त्याच्या बायकोनं सांगितलं की नवरा रात्री आला होता. रक्त मागायला नाही. आपली पायताणं मागायला. ती बाई घाबरून गाव सोडून गेली.

हे वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. आपल्या घाटाखाली वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भक्त पायताणं वाहतात, हातभर लांबीची, चामड्याची. देव रात्री गावाभोवती फिरतो, चालून चालून पायताणं झिजतात, म्हणून नवी द्यायची. वेतोबा राखणदार आहे, त्याला व्हॅम्पायरच्या पंगतीला चुकूनही बसवू नका. पण रात्री चालणाऱ्याला पायताण लागतं, हे सर्बियातल्या त्या बाईला आणि आपल्या कोकणातल्या माणसाला दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आमच्या घरात एक जोड होता. आजोबांचा चुलता पहिल्या लढाईत पलटणीबरोबर 'बसऱ्याला' गेला. आमच्याकडं इराकच्या त्या सगळ्या मोहिमेला बसराच म्हणतात. तो आला नाही आणि मेल्याची तारही आली नाही. त्याच्या बायकोला आम्ही थोरली आज्जी म्हणायचो. मी सहा-सात वर्षांचा असेपर्यंत ती होती. माजघराच्या खुंटीला त्याची पायताणं टांगलेली असायची आणि दर खंडेनवमीला, घरातले सगळे कोयता-विळा-नांगर पुजायचे तेव्हा, ती ती खाली काढून करंजेल तेल चोळायची. अंगठ्याची वादी कडक झालेली असायची, ती बोटांनी दाबून दाबून मऊ करायची. कपाळाला कुंकू शेवटपर्यंत होतं. तार आली नव्हती ना.

म्हणून तुमचा नायक इराकमधल्या कूतला पाठवा. ६ व्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाऊनशेंडच्या फौजेबरोबर कूत-अल-अमारात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. धान्य संपत आलं तसे घोडे मारून खायला सुरुवात झाली. आपल्याकडच्या कित्येक शिपायांनी घोड्याचं मांस शेवटच्या दिवसांपर्यंत तोंडाला लावलं नाही. उपाशी राहिले, हिरड्या सुजल्या, स्कर्व्हीनं मेले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली, आणि वाळवंटातल्या त्या चालीत किती पडली त्याची मोजदाद करवत नाही. आदल्या दिवशी, २८ एप्रिलला, इकडं बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. एकाच आठवड्यात गावातली माणसं मंडपात स्वराज्याचा ठराव ऐकत होती आणि त्यांची पोरं टायग्रिसच्या काठावर बंदुका खाली ठेवत होती. हा योग कथाकारानं सोडू नये.

तुमचा नायक कोण, हे इथं ठरतं. ज्यानं धर्म बुडेल म्हणून घोड्याचं मांस नाकारलं, त्याच्यावर पुढं रक्त पिऊन जगायची वेळ येते. त्याला आयुष्यभर, म्हणजे त्याला जेवढं आयुष्य आहे तेवढं, याची लाज वाटली पाहिजे. त्याच्यात आणि परदेशी व्हॅम्पायरात मला हाच फरक हवा. शिवाय आपल्याकडं प्रेत जाळतात, मग व्हॅम्पायर उठेल कसा, हा प्रश्न कुणीही विचारेल. त्याचं उत्तरही कूतमध्येच आहे. त्याला अग्नी मिळाला नाही. दहावा झाला नाही, पिंडाला कावळा शिवला नाही. ज्याचं काहीच झालं नाही तो घरी परत येतो, हे इकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिला प्रसंग मी असा लिहीन. पावसाळ्याची रात्र. दाराबाहेरनं आवाज येतो, "माझी पायताणं कुठं हाईत गं?" ती चिमणी उचलते. दार उघडते. तो उंबऱ्याबाहेर उभा, अनवाणी, अंगावर खाकीच्या चिंध्या. बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही, हा परदेशी नियम जरूर ठेवा, आपल्या उंबऱ्याला तो शोभतो. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पाय धुवायला पाणी द्यायचं, ही रीत. ती तांब्या आणते. भाकरीच्या टोपलीकडं हात जातो आणि मागं येतो. ओवाळलं तर जे काही याच्याबरोबर आलंय ते जाईल, आणि त्याच्याबरोबर हाही जाईल. हे तिला कळतं. ती म्हणते, "खुंटीला हाईत की. आत या अवो. पाय धुवा आधी." किसिल्येवोची बाई पळाली. ही दाराची कडी काढते. इथून पुढं ते जोडपं झालं.

ती व्हॅम्पायर कशी होते त्याला पाओलेची माती वापरा. त्याच्या घोट्याला, नखांत टायग्रिसकाठची माती वाळून बसलेली. पाय धुतलेल्या पाण्यातली ती माती ती खाते, आपल्याला काही होऊ नये म्हणून. पाओलेला तिनं वाचवलं नाही, हिलाही वाचवणार नाही. मग १९१८ ची साथ. इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांत पसरला. देशात अनेक ठिकाणी सरणाला लाकूड पुरेना झालं. तीही तशीच जाते, अग्नीशिवाय. नवरा लढाईनं नेला, बायको लढाईमागून आलेल्या साथीनं.

इथं एक कळकळीची विनंती. साथीत माणसं पटापट मेली की गाव बोट दाखवायला एखादी बाई शोधतं. पांढऱ्या पायाची, चेटकीण, नवऱ्याला खाल्लेली. असल्या संशयावरून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, जीव गेलेले आहेत. तुमच्या कथेतली बाई खरोखरच रक्त पिणारी आहे म्हणून गावाचा संशय 'बरोबर निघाला' असं कृपा करून दाखवू नका. साथ साथीनंच आणलेली असू द्या. गाव ज्या दुसऱ्याच कुणा निष्पाप विधवेवर उठतं, तिला हे दोघं रात्रीत उचलून जांबोटीच्या रानातून पार करतात. त्यांचं पहिलं साहस हेच असावं.

दुसऱ्या महायुद्धाला फार पानं देऊ नका. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं बेळगावजवळ सांबऱ्याला धावपट्टी केली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तर १९२२ पासून बेळगावातच आहे. कॅम्पात गर्दी, रात्रीची गस्त, भरतीला आलेली पोरं. खाण्याचा प्रश्न मात्र याच काळात सुटतो. रक्त शरीराबाहेर गोठू नये म्हणून सायट्रेट वापरायचं तंत्र १९१४-१५ मध्ये आलं, आणि फ्रान्सच्या आघाडीवर १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसननं बाटल्यांत रक्त साठवून ठेवायची सोय केली. दुसऱ्या लढाईपर्यंत लष्करी दवाखान्यांत ते नेहमीचं झालं होतं. साठवलेलं रक्त जेमतेम दोन-तीन आठवडे टिके, पुढं टाकून द्यावं लागे. ती दवाखान्यात रातपाळीची आया. टाकायच्या बाटल्या पदराखाली घरी येतात. वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दोघं कुणालाही न दुखवता जेवतात.

खरी साहसं घाटात आहेत. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी देशभरातून आलेले सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मारली गेली. तुमचा नायक एका जखमीला पाठीवर घेऊन रात्री घाट चढतोय. ऑगस्टचा पाऊस, पायाखाली शेवाळ. पोराच्या मांडीतनं रक्त गळतंय, त्याचा वास नाकाला लागून आहे, आणि दोन रात्री पोटात काही नाही. मध्ये एका दगडाआड बसतात तर पोराच्या पोटरीला जळवा. पाच-सहा, पिऊन पिऊन बोटाएवढ्या फुगलेल्या. नायक त्यांच्याकडं बघत राहतो. मग कमरेची चंची सोडतो, तंबाखू थुंकीत मळून एकेकीला लावतो, जळू वळवळून सुटते, तिथनं रक्ताची बारीक धार लागते, आणि तो मान फिरवून बायकोला म्हणतो, "तू बांध. मला जमंना झालंय." ती बांधते. तिलाही भूक आहे. हा प्रसंग नीट लिहिलात तर बाकीच्या कथेतलं सगळं माफ.

मग डिसेंबर १९६१. गोव्यावरच्या कारवाईसाठी फौजेची जमवाजमव बेळगावात झाली. आमचे वडील सांगायचे, खानापूरच्या रस्त्यानं लष्करी गाड्या रात्रभर चालल्या होत्या आणि गोठ्यातली जनावरं उठून उभी होती. १८ तारखेला एक ब्रिगेड घाटातल्या अनमोडहून गोव्यातल्या मोल्लेकडं उतरली, सांबऱ्याहून हंटर विमानं उडाली, आणि १९ च्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं शरणागतीवर सही केली. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवत नेले होते. घाट अंधारात तोंडपाठ असलेल्या दोघांना तिथं काम भरपूर आहे. कुठल्या पुलाखाली सुरुंग आहे, कुठं उतार आहे, हे पहाटेच्या आत येऊन सांगायचं. फक्त युद्ध त्यांनी एकट्यानं जिंकलं असं करू नका. त्या दोन दिवसांत आपले जवान शहीद झालेत.

मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्यावर आम्ही सीमाभागातली माणसं कितीही बोलू शकतो, इथं बोलत नाही. कथेपुरतं एवढंच, की न मरणाऱ्या माणसांना रेशन कार्ड, सातबारा, पेन्शनचा कागद यांची फार अडचण होते, आणि कचेरीची भाषा बदलली की ती वाढते. त्यांनी कन्नड शिकलेलं दाखवा. शेजारीण कन्नड बोलणारी असू द्या, आणि ती यांचं गुपित ओळखून गप्प बसलेली असू द्या. पुढं १९९० च्या सुमाराला कर्नाटकात दारादारावर 'नाळे बा' लिहायची लाट आली होती. नाळे बा म्हणजे उद्या ये. रात्री हाक मारत फिरणारी भुतीण ते वाचून परत जाते अशी समजूत. मी तेव्हा तरुण होतो, खडूनं लिहिलेली अक्षरं बघितलीत. त्या शेजारणीच्या दारावर तेवढं ते लिहिलेलं नसावं.

नावं साधी ठेवा. 'व्हॅम्पायर' हा शब्द गावातल्या कुणाच्याही तोंडी घालू नका. आणि पायताणांची जागा शेवटपर्यंत विसरू नका, खुंटीवर आहेत की पायात. थोरल्या आज्जीच्या गेल्यावर ती आम्ही तिच्याबरोबर सरणावर ठेवली. वडिलांनी आधी त्यांना तेल लावलं होतं.

पहिलं प्रकरण झालं की इथंच कळवा. बोलीभाषेत किंवा घाटातल्या वाटांच्या नावांत अडलं तर विचारा, मला माहीत असेल ते सांगेन.